वीस ते साठ : आपलीही वाढ चालूच असते



आपल्या गावात बाळ जन्माला आलं की त्याच्या वाढीवर सगळ्यांचं लक्ष असतं. अंगणवाडीत वजन होतं, ताई ते लिहून ठेवतात, वजन घटलं तर घरी येऊन सांगतात. मुलगी वयात येते तेव्हा आई, मावशी, मोठी बहीण तिला चार गोष्टी समजावतात. मग तिचं लग्न होतं आणि सगळे म्हणतात, "झाली आता मोठी." तिथून पुढे तिच्या वाढीची विचारपूस कोणी करत नाही. ती स्वतःही करत नाही.

पण विशीपासून साठीपर्यंत चाळीस वर्षं असतात. या चाळीस वर्षांत शरीर बदलतं, मन बदलतं, घरातली आणि गावातली आपली जागाही बदलते. हे बदल कधी आणि का होतात ते माहीत नसलं, की आपलं दोन बाजूंनी नुकसान होतं. कधी आपण वयाच्या बदलाला आजार समजतो आणि नको ते उपचार करून बसतो. कधी खऱ्या आजाराला "वय झालं, चालायचंच" म्हणतो आणि अंगावर काढतो. आज आपण या चाळीस वर्षांबद्दल बोलणार आहोत.

विशी ते पस्तिशी : जमा करण्याचं वय

बहुतेक मुलींची उंची सोळा-अठराव्या वर्षापर्यंत वाढायची थांबते. हाडं मात्र आतून भरत राहतात. साधारण तिशीपर्यंत हाडांत चुना साठत जातो. डॉक्टर त्याला कॅल्शियम म्हणतात. आपल्या गटाच्या भाषेत सांगायचं तर तिशीपर्यंत हाडांच्या खात्यात जमा होते आणि पुढे हळूहळू खर्च सुरू होतो. जमा जास्त असेल तर म्हातारपणी पुरते. जमाच कमी असेल तर साठीत अंगणात पाय घसरला तरी खुबा मोडतो.

मोठ्या माणसाला रोज सुमारे १००० मिलीग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत ते ३५० मिलीग्रॅमच्या आसपास असतं. तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला, दूध, ताक यांतूनही मिळतं. आपल्याकडे दूध डेअरीला जातं, उरलेलं मुलांना आणि घरातल्या पुरुषांना. बाईच्या वाट्याला चहातलं तेवढंच येतं. म्हणून नाचणीची भाकरी आणि वाटीभर ताक तरी आपल्या ताटात पाहिजेच.

दुसरी गोष्ट रक्ताची. दर महिन्याला पाळीत रक्त जातं, बाळंतपणात आणखी जातं. म्हणून तरुण बाईला पुरुषापेक्षा लोह जास्त लागतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेलं प्रमाण असं आहे : पुरुषाला रोज १९ मिलीग्रॅम, बाईला २९. आता आपल्या घरात शेवटी कोण जेवतं आणि पातेल्याच्या तळाचं कोण खातं, ते आठवा. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी होतं. म्हणजे निम्म्याहून जास्त.

जिना चढताना धाप लागणं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणं, माती किंवा खडू खावासा वाटणं, सकाळी उठल्या उठल्याच थकवा असणं, ही रक्त कमी असल्याची लक्षणं असू शकतात. अशा सुनेला घरात "आळशी" म्हणतात. उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२च्या खाली आणि गरोदर बाईचं ११च्या खाली असेल तर उपचार हवेत. लोहाची गोळी लिंबू किंवा आवळ्याबरोबर घेतली तर चांगली लागू पडते. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको. शौचाला काळं होतं म्हणून घाबरून गोळी सोडू नका, ते गोळीमुळेच होतं.

तरुण मन : जवळीक आणि एकटेपणा

शरीराची वाढ दिसते, मनाची दिसत नाही. मेंदूचा जो भाग पुढचा-मागचा विचार करतो, रागाला आवर घालतो, तो साधारण पंचविशीपर्यंत तयार होत असतो. म्हणजे कायद्याने लग्नाचं वय अठरा असलं तरी अठराव्या वर्षी समज पुरी झालेली नसते. आपल्या राज्यात वीस ते चोवीस वर्षांच्या शंभर बायकांपैकी जवळजवळ बावीस जणींचं लग्न तर अठरा पुरं होण्याआधीच झालेलं होतं, हेही त्याच पाहणीत दिसलं. त्या वयात शरीरही बाळंतपणाला तयार नसतं. आई स्वतः वाढत असते आणि पोटातलं बाळही वाढत असतं. दोघांच्या वाट्याला अन्न मात्र एकाच ताटातलं येतं.

एरिक एरिक्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५० साली माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तरुणपणीचं मोठं काम म्हणजे जवळीक जोडणं. कुणावर तरी विश्वास टाकता येणं आणि कुणीतरी आपल्यावर टाकणं. ते जमलं नाही तर वाट्याला एकटेपणा येतो. एरिक्सन परदेशातले, पण आपल्याकडच्या नव्या नवरीकडे पाहिलं की त्यांचं म्हणणं लगेच पटतं. तिच्या मैत्रिणी एका दिवसात सुटतात, घर बदलतं, काहींचं तर नावही बदलतं. घर माणसांनी भरलेलं असतं, पण मनातलं बोलायला कुणी नसतं. नवरा दिवसभर बाहेर, आणि सगळ्यांदेखत त्याच्याशी बोललं तर चर्चा होते.

अशा वेळी सासूने, जावेने, शेजारणीने एवढंच विचारलं, "कशी आहेस गं? माहेरची आठवण येते का?" तरी मोठा आधार होतो. नवरा-बायकोने दिवसातली पंधरा मिनिटं एकत्र बसून बोलणं ही चैन नाही. पुढची तीस-चाळीस वर्षं त्याच बोलण्यावर उभी राहतात.

बाळंतपणानंतरचंही सांगायला हवं. पहिल्या आठवड्यात उगाच रडू येतं, चिडचिड होते. ते बहुतेक वेळा आपोआप कमी होतं. पण दोन आठवड्यांनंतरही उदास वाटत राहिलं, बाळाला जवळ घ्यावंसं वाटेना, बाळाचं किंवा स्वतःचं बरंवाईट करावं असे विचार आले, तर तो आजार आहे आणि तो औषधाने, आधाराने बरा होतो. बाहेरची बाधा म्हणून वेळ घालवू नका. सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या नंबरवर फोन करा. तो फोन फुकट आहे. जिवाचे विचार येत असतील तर त्या बाईला एकटीला सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या.

चाळिशी : सुईत दोरा जात नाही तेव्हा

चाळिशीच्या आसपास एके दिवशी सुईत दोरा ओवता येत नाही. डोळ्यातलं भिंग ताठर व्हायला लागतं, त्यामुळे जवळचं धूसर दिसतं. हे जवळपास सगळ्यांनाच होतं. म्हणून तर आपल्याकडे त्या चष्म्याचं नावच 'चाळिशी' पडलं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. चष्मा लावला की तांदळातला खडा दिसतो आणि गटाच्या वहीतला आकडाही दिसतो.

तिशीनंतर स्नायूंची ताकद हळूहळू कमी व्हायला लागते. काम करत राहिलं आणि डाळ, कडधान्यं, अंडी असं पोटात गेलं तर ती जास्त काळ टिकते. शेतातल्या कामाने व्यायाम होतो हे खरं, पण दिवसभर वाकून खुरपलं तर कंबर तेवढी झिजते. म्हणून तासा-दोन तासांनी उभं राहून पाठ मागे ताणायची, आणि डोक्यावरचं ओझं दोन खेपांत वाटून घ्यायचं.

याच वयात रक्तदाब आणि साखर गुपचूप वाढतात. दुखत काहीच नाही, म्हणून कळत नाही. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची रक्तदाब, साखर, तोंडाचा कर्करोग यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत करायची योजना आहे. बायकांसाठी स्तनाची आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणीही तिच्यात येते. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होतो. ही तपासणी काही मिनिटांची असते.

"आता डोकं पूर्वीसारखं चालत नाही," असं कित्येक जणी चाळिशीनंतर म्हणतात. अमेरिकेत सिएटल इथे १९५६ साली एक अभ्यास सुरू झाला. त्यात त्याच माणसांची बुद्धी अनेक दशकं पुन्हा पुन्हा तपासली. दिसलं असं, की झटपट करायच्या कामांचा वेग वयाबरोबर कमी होतो, पण शब्दांची समज आणि विचार करून उत्तर शोधण्याची ताकद मधल्या वयात चांगली असते, कित्येकांची तर तेव्हाच सर्वांत चांगली असते. कुणाचं नाव पटकन आठवणार नाही, पण कर्ज कुणाला द्यावं आणि कुणाला देऊ नये, हे पंचेचाळिशीतली बाई विशीतल्या पोरीपेक्षा बरं ओळखते.

पाळी जाताना

आपल्या देशात पाळी जाण्याचं वय सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास आहे. पण ती एका दिवसात जात नाही. त्याआधी काही वर्षं ती मागेपुढे होते, कधी कमी, कधी जास्त जाते. बारा महिने सलग पाळी आली नाही, म्हणजे ती गेली असं समजायचं. तोवर दिवस राहू शकतात, हे लक्षात असू द्या.

या काळात बीजकोषातून येणारं इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक कमी होतं. त्यामुळे अंगातून अचानक गरम वाफा निघतात, रात्री घामाने जाग येते, झोप मोडते, चिडचिड होते, छातीत धडधडतं. संबंधाच्या वेळी कोरडेपणा जाणवतो, दुखतं. घरचे म्हणतात, "हिचं काहीतरी बिघडलंय." बिघडलेलं नसतं, बदलत असतं. बहुतेक जणींचा हा त्रास काळाने कमी होतो. फार त्रास असेल तर त्यावर उपचार आहेत. मात्र इस्ट्रोजेन कमी झाल्यावर हाडांच्या खात्यातला खर्च एकदम वाढतो आणि हृदयविकाराचा धोकाही वाढायला लागतो. म्हणून या वयात नाचणी, दूध, ऊन आणि चालणं विशीपेक्षाही जास्त गरजेचं.

काही गोष्टी मात्र वयाच्या नावावर खपवायच्या नाहीत. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी डाग दिसला तरी, लगेच तपासून घ्यायचं. संबंधानंतर रक्त येणं, स्तनात गाठ लागणं, रक्ताच्या मोठ्या गाठी पडणं, चाळिशीच्या आतच पाळी बंद होणं, यांतलं काहीही असलं तरी दवाखाना गाठायचा.

पिशवी काढण्याआधी

आता जरा थांबून एका गंभीर गोष्टीबद्दल बोलू. पाळीचा त्रास, अंगावरून पांढरं जाणं, कंबर दुखणं यासाठी बाई दवाखान्यात जाते आणि सांगितलं जातं, "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." दोन मुलं झालेली असतात. बाईलाही वाटतं, कटकट मिटेल.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांचं काय झालं, ते आपण ऐकलं असेल. २०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण सहांतली एक. देशभरात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत हे प्रमाण तीनच्या आसपास आहे. बीडमधल्या कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या.

यामागे नुसतं दुखणं नव्हतं. उचल घेतलेली, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, खाडा झाला की पैसे कापले जातात. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीत कापड बदलायला आडोसा नाही. साध्या जंतुसंसर्गाने पांढरं जाणं वाढतं. गोळ्यांनी बरं होणारं दुखणं शस्त्रक्रियेपर्यंत जातं. शस्त्रक्रियेसाठी पुन्हा कर्ज, आणि ते फेडायला पुन्हा कोयता.

पिशवी काढली की पाळी थांबते, एवढंच आपल्याला सांगितलं जातं. पुढचं ऐका. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोष काढले, तर पन्नाशीला येणारं वय तीस-पस्तिशीत एका दिवसात येतं. त्याच गरम वाफा, तीच हाडांची झीज, तोच हृदयाचा धोका, पण दहा-पंधरा वर्षं आधी. बीजकोष ठेवले तरी ते काही जणींत लवकर थकतात. म्हणजे अजून जिला फडात वीस वर्षं मोळ्या उचलायच्या आहेत, तिची हाडं आधीच ठिसूळ व्हायला लागतात.

पिशवी काढणं कधीच गरजेचं नसतं, असं नाही. कर्करोग, मोठ्या गाठी, औषधाने न थांबणारा रक्तस्राव, अंग फार बाहेर येणं, अशा वेळी ती काढावी लागू शकते. पण आधी डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. मला नेमका कोणता आजार आहे, तो कागदावर लिहून द्याल का? औषधाने किंवा लहान उपचाराने बरा होईल का? नाही काढली तर काय होईल? बीजकोष ठेवणार की काढणार? मग सोनोग्राफीचा कागद घेऊन ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. नको त्या शस्त्रक्रिया थांबवण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सगळ्या राज्यांना त्या लागू करायला सांगितलं. तेव्हा प्रश्न विचारणं हा आगाऊपणा नाही, तो आपला हक्क आहे.

मधलं वय : साचायचं की वाहायचं

चाळीस ते साठ या वयाबद्दल एरिक्सन यांनी सांगितलं की या टप्प्याचं काम जोपासनेचं असतं. आपल्याजवळ जे आहे ते पुढच्यांच्या हाती देणं. ते घडलं नाही तर माणूस साचतो. तेच ते दुखणं, तीच तक्रार.

या वयात बाई दोन्हीकडून ओढली जाते. सासूबाईंचं पथ्यपाणी तिच्याकडे, मुलांच्या फिया तिच्याकडे. लेक सासरी जाते, मुलगा पुण्या-मुंबईला जातो, घर रिकामं होतं. कुणाचा नवरा अचानक जातो. आणि मग घरात सून येते. काल जी सून होती ती आज सासू होते, आणि ते कसं व्हायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. आपण जे सोसलं तेच तिनेही सोसावं, असं मनात येतं. तिथेच ठरतं, साचायचं की वाहायचं.

रमाबाई रानडे १८६२ साली जन्मल्या. अकराव्या वर्षी लग्न झालं, लिहा-वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या. १९०१ साली पती गेले. आठ वर्षांनी, सत्तेचाळिशीत, त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं आणि हजारो बायकांना शिकायची वाट मोकळी झाली. आपल्या काळातल्या राहीबाई पोपेरे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. त्यांनी देशी बियाणं जपलं, बँक केली, इतर बायकांना दिलं. २०२० साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्या पन्नाशीच्या पुढे होत्या. आपल्याला पद्मश्री नको, पण पापडाचं प्रमाण, गाईचं दुखणं ओळखणं, बँकेचा फॉर्म भरणं, यांतलं काहीतरी प्रत्येकीला येतं. ते दुसरीला शिकवलं की आपलीही वाढ होते.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ सालापासून माणसांच्या आयुष्याचा अभ्यास चालवला आहे. सुरुवातीला त्यात फक्त पुरुष होते, पुढे बायका आल्या. त्यांचं मुख्य सांगणं असं, की मधल्या वयात ज्यांची नाती समाधानाची असतात, ते म्हातारपणी जास्त निरोगी असतात. म्हणजे गटाच्या बैठकीला जाणं, हसणं, भांडून पुन्हा एकत्र येणं, हेही औषधच आहे.

गटात एवढं करू या

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की अर्धा तास काढा. नर्सताईंना बोलावून प्रत्येकीचं हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासून घ्या. आकडा बचतीच्या वहीसारखाच एका वहीत लिहा, पण तो जिचा तिलाच दाखवा. सहा महिन्यांनी पुन्हा तपासा.

कुणाला शस्त्रक्रिया सांगितली असेल तर गटातल्या दोघींनी तिच्याबरोबर दुसऱ्या डॉक्टरकडे जा. कर्ज मागणीच्या वेळी "दुसरं मत घेतलं का?" एवढं नक्की विचारा.

गावात नवीन सून आली असेल तर तिला बैठकीला घेऊन या. वर्गणी नंतर, आधी ओळख. आणि ज्यांची पाळी जाण्याच्या बेतात आहे त्यांनी आपलं काय होतंय ते मोठ्याने बोला. एक जण बोलली की बाकीच्यांना कळतं, आपल्या एकटीलाच हे होत नाही.

बाळाचं कार्ड अंगणवाडीत आहे. आपली वही आपणच सुरू करायची आहे. तुमच्या गटात काय बोलणं झालं ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या वेळी पुन्हा भेटू. तोवर गरम गरम जेवा, आणि एकदा तरी सगळ्यांबरोबर बसून जेवा. नमस्कार!